धागा: ‘हिरवी हौस’ महिन्याला कितीला पडते? (इंदूर आणि आसपासच्यांनी जरूर लिहावे)

इंदूरकरीण | ५ एप्रिल, दुपारी ३:४०

आजवर वाचनमात्र होते. हा धागा काढायला लावला तो आमच्या घरच्या हिशेबाने. घरात आम्ही दोघं, सासूबाई आणि चौथीतले चिरंजीव. नवऱ्याने मार्चअखेरचं म्हणून घरखर्च मांडला आणि किराण्यातून एक रकाना वेगळा काढून त्याला नाव दिलं ‘हिरवी हौस’. त्यात ऑरगॅनिक कणीक, घाण्याचं तेल, काचेच्या बाटलीतलं दूध, रिठ्याचं लिक्विड, बांबूचे टूथब्रश, कंपोस्टेबल पिशव्या, गुळाची पावडर अशी सगळी मंडळी आहेत. उरलेला किराणा एकीकडे आणि त्याच्या निम्म्याहून जास्त हा रकाना एकीकडे.

त्याचं म्हणणं, बंद कर. मी बंद करणार नाहीये, पण या सगळ्याला एकच माप लावणंही मला पटत नाही. माझा ठोकताळा असा की जे घरात किलोंनी येतं तिथे पैसे घालावेत आणि जे ग्रॅमनी येतं त्याच्यामागे धावू नये. गहू महिन्याला वीस किलो लागतो, दूध रोजचं, तेल तीन-चार लिटर, डाळी चार-पाच किलो. यात कीटकनाशक कमी आलं, शेतकऱ्याला दोन पैसे जास्त मिळाले, तर त्याला काही वजन आहे. बांबूचे चार ब्रश चार माणसांना तीन महिने पुरतात आणि त्यांचे केस बहुतेक नायलॉनचेच असतात. म्हणजे दांडी मातीत आणि केस उपटून प्लास्टिकच्या डब्यात. एवढ्यासाठी चौपट पैसे?

तर तुमच्याकडे कशावर खर्च होतो, काय बंद केलं, आणि पाकिटावर लिहिलेलं कितपत खरं मानायचं, ते लिहा.

मालवाएक्सप्रेस | ५ एप्रिल, ४:०२

आधी एक खुलासा व्हावा. सेव कोणत्या रकान्यात धरली आहे?

इंदूरकरीण | ५ एप्रिल, ४:१५

सेव जीवनावश्यक आहे. तिला रकाना नसतो.

हिशेबनीस | ५ एप्रिल, संध्याकाळी ७:३०

ठोकताळा आवडला, पण त्यात वीज घाला. पर्यावरण म्हटलं की लोक थेट स्वयंपाकघरात शिरतात आणि डोक्यावर फिरणारा पंखा कुणाला दिसत नाही. जुना पंखा साधारण ७५ वॅट खातो, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, म्हणजे बीएलडीसीचा, तीसच्या आसपास. रोज पंधरा तास फिरला तर महिन्याला वीस युनिट वाचतात. युनिट सात रुपये धरा, म्हणजे एका पंख्यामागे १४० रुपये. इंदूरचा उन्हाळा आणि पुढचा दमट पावसाळा बघता वरचे हजार-बाराशे वर्ष-दीड वर्षात फिटतात, पुढचं सगळं फुकट. हिरव्या रकान्यात उलटे पैसे देणारी एवढीच वस्तू मला सापडली आहे.

पिशव्यांबद्दलही एक. बाजारात ‘कापडी’ म्हणून मिळणारी, इस्त्री केल्यासारखी दिसणारी रंगीत पिशवी कापड नसते. ती नॉन-वोव्हन, म्हणजे पॉलिप्रोपिलिन. प्लास्टिकच. ६० जीएसएमपेक्षा (चौरस मीटरला ६० ग्रॅम) पातळ असेल तर तिच्यावरही बंदी आहे. आणि खरी नवी सुती पिशवी म्हणजे पुण्य असंही नाही. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २०११ मध्ये हिशेब मांडला होता. सुती पिशवी १३१ वेळा वापरली, तर हवामानावरच्या परिणामात ती एकदाच वापरून टाकलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीच्या बरोबरीला येते. कापूस पिकवायला पाणी, खत, औषध सगळं लागतं ना. त्यामुळे प्रत्येक समारंभात नाव छापून वाटलेल्या पिशव्या घरात चाळीस साठल्या असतील तर त्यात पर्यावरण कुठेच नाही. जुन्या चादरीची शिवा आणि फाटेपर्यंत वापरा.

लष्करकर | ५ एप्रिल, रात्री ९:५०

ग्वाल्हेरहून लिहितोय. स्पष्ट बोलतो, राग मानू नये. हे सगळे चोचले आहेत. आमच्या आजीच्या घरी प्लास्टिक नव्हतं कारण पैसेच नव्हते. आता तेच पैसे देऊन परत आणायचं. इकडे चंबळ पट्टा सगळा मोहरीचा, मुरैनाचं कच्ची घाणीचं तेल कुठल्याही साध्या दुकानात मिळतं, आमच्या मराठी घरांतही लोणच्याला तेच जातं. त्याला कुणी ‘कोल्ड प्रेस्ड’ म्हणत नाही म्हणून ते स्वस्त आहे. बाटली बदला, गळ्यात सुतळी बांधा, इंग्रजीत लिहा, दुप्पट भाव.

इंदूरकरीण | ५ एप्रिल, १०:०५

राग कसला, सुतळीबद्दल शंभर टक्के सहमत. पण दादा, तुमच्याकडे मोहरी आहे. माळव्यात काय आहे? सोयाबीन.

सिंगतेल | ६ एप्रिल, सकाळी १०:२०

बडोद्याहून हजेरी. तेलाचा विषय निघाला म्हणून राहवलं नाही.

इंदूरकरीण ताई, सोयाबीन घाण्यात घालून काही उपयोग नाही. दाण्यात तेलच अठरा-वीस टक्के असतं, त्यामुळे कारखान्यात ते हेक्झेन या द्रावकाने काढतात आणि मग शुद्ध करतात. म्हणून ‘घाण्याचं सोया तेल’ असं कुणी विकत असेल तर लांबूनच नमस्कार करा. शेंगदाण्याची गोष्ट वेगळी. लाकडी घाण्यात दाण्याच्या वजनाच्या चाळीस टक्क्यांच्या आसपास तेल निघतं. लिटरभर तेल ९१० ग्रॅमचं. म्हणजे एका लिटरला सव्वादोन ते अडीच किलो दाणे. दाण्याचा ठोक भाव किलोला ११०-१२० धरा, पावणेतीनशे रुपये नुसत्या दाण्यांचे झाले. पेंड विकून पन्नासेक परत येतील. त्यावर मजुरी, बाटली, दुकानदार. आता मला सांगा, १८० रुपये लिटरने ‘शुद्ध लाकडी घाणा’ कसं परवडतं? कुठेतरी पाणी मुरतंय, नाहीतर पामतेल.

आमच्याकडे जुन्या घरांत अजून सिंगतेलाचा, म्हणजे शेंगदाणा तेलाचा, पंधरा किलोचा डबा एकदम भरतात. हंगामात दाण्याचा भाव उतरला की घेतात आणि डबा अंधाऱ्या जागी ठेवतात. मी हल्ली दाणे स्वतः निवडून घाणेवाल्याला देते आणि समोर बसून काढून घेते. गरम तेल घरी आणून दोन दिवस निवू द्यायचं, तळाला गाळ बसतो, तो मागे ठेवून वरचं ओतून घ्यायचं. हा गाळ दिसणं चांगलं. आरशासारखं नितळ आणि बिनवासाचं तेल घाण्याचं नसतं.

तळायला मात्र मी साधं रिफाइंडच वापरते. महाग तेल कढईत जाळायला जीव होत नाही.

मालवाएक्सप्रेस | ६ एप्रिल, १०:४४

तळणाचा विषय निघाला म्हणून सेव परत आणतो. पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलाला नियम आहे. जुलै २०१८ पासून तेलातले ‘टोटल पोलर कंपाउंड्स’, म्हणजे तापवून तापवून तयार होणारे खराब घटक, २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल तळायला वापरता येत नाही. म्हणजे वहिनी घरी तीनशेचं तेल आणतात आणि भिया (इंदुरी ‘भैया’) कोपऱ्यावर उभं राहून कचोरी खातात, तर त्या कढईतल्या तेलाचा रंग बघायची तसदी तरी घ्यावी. आमचा नियम सोपा: सकाळी सकाळी जावं. तेल नवं असतं, पोहेही गरम असतात.

निवृत्त_कृषी | ६ एप्रिल, दुपारी १२:३०

ताईंनी विचारलं आहे की पाकिटावरचं कितपत खरं मानायचं. नोकरीत असताना याच विषयावर बरंच बोलावं लागायचं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सेंद्रिय मालाला आपल्याकडे दोन वाटांनी प्रमाणपत्र मिळतं. पहिली एनपीओपी, म्हणजे राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम. ही २००१ पासूनची, वाणिज्य मंत्रालयाच्या ‘अपेडा’ या निर्यात संस्थेकडे. यात तिऱ्हाईत संस्था येऊन शेत, नोंदी, गोदाम तपासते. मूळ बांधणी निर्यातीसाठीची, त्यामुळे खर्चिक आणि कागदपत्रांनी भरलेली. दुसरी पीजीएस-इंडिया, कृषी मंत्रालयाची. यात शेतकऱ्यांचा गट एकमेकांची शेतं तपासतो आणि एकमेकांसाठी जामीन राहतो. खर्च नगण्य. शहरातले लोक हिला कमी लेखतात, पण शेजाऱ्याच्या शेतात कोण रात्री युरिया टाकतो हे शेजाऱ्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

यातलं कोणतंही प्रमाणपत्र असलेल्या पाकीटबंद मालावर एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं ‘जैविक भारत’ चिन्ह यायला हवं. २०१७ च्या नियमांनी ते आलं. छोटा शेतकरी स्वतः थेट गिऱ्हाइकाला विकत असेल तर त्याला प्रमाणपत्राची सूट आहे, मात्र मग ते चिन्ह त्याला लावता येत नाही. म्हणून चिन्ह नसलेला शेतकरी खोटारडा असं नाही. पण गुळगुळीत पाकिटातली, दुकानात मांडलेली कणीक ‘ऑरगॅनिक’ म्हणते आणि चिन्ह नाही, तर खाली ठेवा.

‘नॅचरल’, ‘फार्म फ्रेश’, ‘पारंपरिक’, ‘गावाकडचं’ या शब्दांचा सेंद्रियशी काही संबंध नाही. आणखी एक: शेत रासायनिकवरून सेंद्रिय करताना हंगामी पिकांना दोन वर्षं, फळबागांना तीन वर्षं संक्रमणाची जावी लागतात. पीजीएसमध्ये या काळातल्या मालाला ‘पीजीएस-ग्रीन’ म्हणतात. शेतकऱ्याला सगळ्यात जड जाणारी वर्षं हीच. उत्पन्न घटलेलं असतं आणि भाव साधाच मिळतो. माझ्या मते शहरातल्या माणसाला खरंच काही करायचं असेल तर हा ग्रीनवाला माल थोडा जास्त भाव देऊन घ्यावा. पूर्ण सेंद्रियपेक्षा स्वस्त पडतो आणि त्या शेतकऱ्याची उडी तरी पूर्ण होते.

अवांतर: आपण इंदूरकर या विषयात पाहुणे नाही. अल्बर्ट हॉवर्ड हे ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ १९२४ ते १९३१ इथल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत होते आणि पालापाचोळा, शेण, गोमूत्र मुरलेली माती, राख यांचे थर देऊन, ठराविक वेळी पालटून सुमारे तीन महिन्यांत खत करण्याची त्यांची रीत जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणूनच ओळखली जाते. १९३१ च्या त्यांच्या पुस्तकावर सहलेखक म्हणून नाव आहे यशवंत वाड यांचं. आपल्यातल्या किती जणांना हे नाव माहीत आहे? ती जागा आज कृषी महाविद्यालयाच्या आवारात आहे.

शिप्राकाठ | ६ एप्रिल, १:१०

वाड यांचं माहीत नव्हतं. वाचनखूण साठवली आहे.

तिलकनगरची | ६ एप्रिल, रात्री १०:३५

सगळं वाचलं. कृषीवाले काका, लष्करकर, हिशेबनीस, सगळे रुपयांचा हिशेब करताय. मी दुसरा मांडते.

रिठे रात्री भिजवायचे, सकाळी उकळायचे, कुस्करायचे, गाळायचे. ते पाणी उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांत वास मारतं, म्हणून फ्रिजमध्ये ठेवायचं किंवा पुन्हा करायचं. संत्र्या-मोसंब्याची सालं वेगळी ठेवायची, एक भाग गूळ, तीन भाग सालं, दहा भाग पाणी, तीन महिने ठेवायचं, आणि पहिला महिना रोज आठवणीनं झाकण सैल करायचं, नाहीतर बाटली फुगून फुटते. दही घरी, तूप घरी, मसाले घरी, डब्याला कागद नको म्हणून कापड, ते कापड रोज धुवायचं. आणि मग कुणीतरी लिहितं, ‘अहो घरच्या घरी करा, किती स्वस्त पडतं!’

कुणाला स्वस्त? माझा वेळ शून्य रुपये धरला की काहीही स्वस्तच पडेल. आमच्याकडे हे सगळं सुरू करायचा उत्साह घरातल्या पुरुषाचा होता. आंबवणाच्या बाटल्यांचे फोटो त्याने काढले, त्यावर कौतुक त्याने घेतलं. झाकण सैल करायची आठवण मात्र माझी. आणि भांड्यांना रिठ्याचं पाणी दिलं तर फेस येत नाही म्हणून कामाच्या ताई दुप्पट जोर लावून घासतात. म्हणजे माझं पर्यावरण त्यांच्या मनगटातून जातं.

म्हणून माझी चाळणी वेगळी आहे. जी हिरवी वस्तू घरातल्या बाईचं काम वाढवत नाही, ती ठेवायची. या चाळणीतून जे सगळ्यात पुढे आलं ते मेन्स्ट्रुअल कप. तीनशे ते पाचशे रुपये, नीट वापरला तर काही वर्षं चालतो, पाळीच्या सुरुवातीला आणि शेवटी उकळायचा. दर महिन्याचा पॅडचा खर्च गेला, कागदात गुंडाळून वेगळ्या डब्यात टाकायची कटकट गेली. सगळ्यांना जमतोच असं नाही, वैद्यकीय अडचण असेल तर डॉक्टरांना विचारून. पण या धाग्यात एवढे प्रतिसाद झाले आणि पंख्याची आठवण झाली, याची कुणालाच झाली नाही, हे नोंदवून ठेवते.

सिंगतेल | ६ एप्रिल, १०:५०

+१, आणि उभं राहून.

हिशेबनीस | ६ एप्रिल, ११:२०

मान्य. पंखा डोक्यावर होता म्हणून दिसला, बाकीचं दिसलं नाही.

फेसाबद्दल मात्र तांत्रिक दुरुस्ती: फेस आणि स्वच्छता यांचा थेट संबंध नाही. रिठ्यातलं सॅपोनिन तेलकटपणा काढतं, पण ते सौम्य असतं. तुपाच्या कढईला पुरत नाही, चहाच्या कपाला पुरतं. आमच्याकडे ताईंशी बोलून तडजोड झाली: तेलकट भांड्यांना साधा साबण, बाकीला त्याच साबणाचं पातळ पाणी. साबण निम्मा लागतो. कपड्यांच्या पावडरीचंही तेच. कमी मळलेल्या कपड्यांना निम्मी टाकून बघा, काही फरक पडत नाही. यात नवी वस्तू विकत घ्यावी लागत नाही, म्हणून याची जाहिरात कुणी करत नाही.

लष्करकर | ७ एप्रिल, सकाळी ८:१५

तिलकनगरच्या ताईंचा प्रतिसाद घरात मोठ्याने वाचला. चहा उशिरा मिळाला.

त्या सालांच्या आंबवणाबद्दल, म्हणजे साफसफाईच्या बायोएन्झाइमबद्दल, एक सावधगिरी. ते आंबट असतं, लिंबू-व्हिनेगरसारखंच. संगमरवरी फरशीवर वापरलं की चकाकी जाते आणि डाग कायमचे राहतात. ओट्याचा ग्रॅनाइट बराचसा सोसतो, मार्बल नाही. आणि लोक खाण्याचा सोडा व व्हिनेगर एकत्र ओतून फसफस बघतात, त्यात दोन्ही एकमेकांना मारतात. मागे उरतं ते जवळजवळ नुसतं खारट पाणी.

इंदूरकरीण | ७ एप्रिल, ११:००

तिलकनगरची, तुमचा हिशेब नवऱ्याला दाखवला. त्याच्या तक्त्यात आता ‘वेळ’ नावाचा नवा रकाना आहे. भरायचा कुणी हे ठरायचंय.

कंपोस्टेबल पिशव्यांबद्दल कुणी सांगेल का? ओल्या कचऱ्याच्या डब्याला अस्तर म्हणून आणते.

शिप्राकाठ | ७ एप्रिल, १२:२०

इंदुरात त्याची गरजच नाही. आपल्याकडे गाडीवर सहा प्रकार वेगळे घेतात: ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घरगुती घातक आणि ई-कचरा. ओला डबा थेट गाडीत उपडा होतो. तो कचरा देवगुराडियाच्या बायो-सीएनजी प्रकल्पात जातो. फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाला, तेव्हाची रोजची क्षमता ५५० टन ओला कचरा आणि त्यातून सुमारे १७,००० किलो गॅस. सिटी बसेस त्यावर धावतात. आता हा गॅस चांगला निघायचा तर ओल्यात काही मिसळलेलं नको. तुमची कंपोस्टेबल पिशवी दिसायला हुबेहूब प्लास्टिक, निवडणारा ती बाहेर काढून फेकणार. शिवाय ती कुजायला औद्योगिक कंपोस्टची उष्णता लागते, कुंडीत ती महिनोन्महिने तशीच दिसते. ‘बायोडिग्रेडेबल’ म्हणून विकली जाणारी तर त्याहून संशयास्पद. ऑक्टोबर २०२४ पासून ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचना आहेत, ‘इको-फ्रेंडली’, ‘ग्रीन’ असं नुसतं लिहून चालत नाही, पुरावा द्यावा लागतो. पण पाकिटं अजून तशीच बोलतात. डब्याच्या तळाला जुना पेपर घाला, बास.

आणि ती खाकी कागदी पाउच मिळतात ना, सुकामेवा, कणीक, सगळं त्यात, आत हात घालून बघा. चकचकीत प्लास्टिकचा थर असतो. ना कागदाच्या रद्दीत जातं ना प्लास्टिकच्या. त्यापेक्षा साधी दुधाची पिशवी बरी, तिला निदान भंगारात भाव आहे.

मालवाएक्सप्रेस | ७ एप्रिल, १२:४०

दुधावरून आठवलं. ए-टू दुधाला (देशी गाईचं म्हणून विकतात ते) दुप्पट पैसे मोजणारे इथे कोणी आहेत का? ऑगस्ट २०२४ मध्ये एफएसएसएआयने आधी सांगितलं की ए-वन, ए-टू हे दावे काढून टाका, आणि आठवड्याच्या आत तो आदेश मागे घेतला. म्हणजे ते तिथेच आहे, जिथे होतं.

निवृत्त_कृषी | ७ एप्रिल, १:३०

गीर गाय पाळणाऱ्याला आधार म्हणून जास्त पैसे द्या, माझी हरकत नाही. आरोग्यासाठी देत असाल तर तेच पैसे डाळीत आणि फळांत घाला.

सांवेरकर | ७ एप्रिल, रात्री ९:१५

पहिल्यांदाच लिहितोय. आमची शेती सांवेरजवळ, खरीपाला सोयाबीन आणि रब्बीला गहू, माळव्यात सगळ्यांची असते तशी. आजोबांच्या वेळी इथे ज्वारी, कापूस, भुईमूग होता. सोयाबीन नंतर आलं आणि त्याने पैसा आणला हे नाकारून चालणार नाही, ज्यांना जुनी ज्वारी हवी आहे त्यांनी ती विकत घेण्याचीही तयारी ठेवावी.

त्यातली थोडी जमीन आम्ही काही वर्षांपासून बिनरासायनिक करतो. तुमच्या चर्चेत एक गोष्ट आली नाही. ऑनलाइन ८०-९० रुपये किलोची कणीक काही न बोलता घेणारा माणूस शेतावर येऊन माझ्याशी ४५ चा गहू ४० ला मागतो. तिकडे तो दळण, पाकीट, गोदाम, घरपोच करणारा मुलगा आणि ॲपवाल्याचं कमिशन या सगळ्यांचे पैसे देतो, त्यांच्याशी घासाघीस करता येत नाही म्हणून. इकडे समोर माणूस दिसतो म्हणून करता येते. मला जास्तीचा खर्च कुठे येतो, तर निंदणीला. तणनाशक नाही म्हणजे मजूर, आणि मजूर वेळेवर मिळत नाहीत. शेणखताची ट्रॉली दरवर्षी महाग होते. एकरी उतारा शेजाऱ्यापेक्षा कमी बसतो.

आता गव्हाबद्दल, कारण शहरात यावर सगळ्यात जास्त गोंधळ. ‘शरबती’ म्हणून दिसेल तो गहू विकतात. जीआय (भौगोलिक ओळखीचं) मानांकन मिळालेला शरबती सीहोरचा, २०२३ मध्ये मिळालं. आमच्याकडे रोजच्या पोळीला लोक-१ होतो, तो मऊ आणि स्वस्त. कठिया, म्हणजे ड्युरम, त्यातला ‘मालव शक्ती’ हा इथल्याच संशोधन केंद्राचा वाण. पिवळसर, कणीदार, त्यात प्रथिनं जास्त. बाफले (उकडून भाजलेल्या बाट्या), लाडू, रवा यांना त्याला तोड नाही, पण नुसत्या त्याच्या पोळ्या थंड झाल्या की चिवट होतात. घरात म्हातारं माणूस असेल तर मिसळून दळा.

इंदूरकरीण | ७ एप्रिल, ९:४०

सांवेरकर दादा, आधी का नाही लिहिलंत! हिशेब करून बघितला. वीस किलो महिन्याला, पाकिटातली कणीक ८५ ने १,७०० रुपये. तुमचा गहू ४५ ने ९००, दळण किलोला सहा-सात रुपये म्हणजे अजून १२०-१४०. साधा बाजारचा गहू ३२ धरला तरी दळणासकट पावणेआठशे. म्हणजे बिनरासायनिकचा खरा जादा खर्च अडीचशे-पावणेतीनशे, आणि पाकिटाचा त्यावर साडेसहाशे! हे साडेसहाशे मी कशाचे देतेय?

हिशेबनीस | ७ एप्रिल, ९:५५

गिरणीत न जाण्याचे. तिलकनगरच्या ताईंच्या रकान्यात टाका. गिरणीत कोण जाणार ते आधी ठरवा, मग पाकीट बंद करा.

इंदूरकरीण | ७ एप्रिल, १०:०२

तक्ता करणारा जाईल. विचारलेलं नाही, सांगितलेलं आहे.

तिलकनगरची | ७ एप्रिल, १०:०४

हे झकास.

सिंगतेल | ८ एप्रिल, सकाळी ९:३०

वर्षाचा गहू भरणार असाल तर साठवणुकीकडे लक्ष द्या, नाहीतर सगळी सेंद्रिय मेहनत कोठीत वाया. उन्हात दोन-तीन दिवस चांगला कडक वाळवा, दाताखाली कट्ट आवाज आला पाहिजे. कोठी पुसून कोरडी, मग थर देत कडुनिंबाचा सावलीत वाळवलेला पाला. तूरडाळीला एरंडेलाचा हात. काही घरांत अजून कीड मारायला सल्फासच्या गोळ्या टाकतात. राहत्या घरात ते चुकूनही करू नका, त्यातून निघणारा फॉस्फिन वायू जीव घेतो. सेंद्रिय गहू आणायचा आणि त्यात ती गोळी, याला काय म्हणावं.

लष्करकर | ८ एप्रिल, १०:००

चोचले म्हणालो होतो, गव्हापुरतं मागे घेतो. बांबूच्या ब्रशपुरतं नाही.

शिप्राकाठ | ८ एप्रिल, १०:२५

सांवेरकर, चार-पाच घरांचा मिळून घेतला तर पोहोचवाल का? आम्ही सुदामा नगर आणि लोकमान्य नगर मिळून गाडीभाडं वाटून घेऊ. भावात घासाघीस नाही, शब्द.

संपादक मंडळ | ८ एप्रिल, ११:१०

धाग्यावर खरेदी-विक्रीचे तपशील व दूरध्वनी क्रमांक देऊ नयेत. इच्छुकांनी सांवेरकर यांना व्यनि (व्यक्तिगत निरोप) करावा. चर्चा चालू द्यावी.

सांवेरकर | ८ एप्रिल, रात्री ८:५०

व्यनि मिळाले, सगळ्यांना उत्तरं देतो. मळणी झाली आहे, माल घरात आहे. तीन गोष्टी आत्ताच सांगतो म्हणजे नंतर वाद नको. लोक-१ किती आणि कठिया किती ते वेगवेगळं लिहा. मशीनवर चाळून हवा असेल तर किलोला थोडे पैसे वर पडतील. बिनचाळलेल्यात खडा-काडी निघणार, नंतर फोन करू नये. आणि बारदान परत द्यायचं, ज्यूटचं आहे, मला दरवर्षी लागतं.

इंदूरकरीण | ८ एप्रिल, ९:०५

दोन क्विंटल लोक-१, तीस किलो कठिया. चाळून. निवडत बसायला घरात कुणाला वेळ नाही, तो आता रकान्यात मोजला जातो. रविवारी सकाळी आणलात तर उतरवायला माणूस घरी आहे, पोहे तयार ठेवते.

मालवाएक्सप्रेस | ८ एप्रिल, ९:०७

पोह्यांवर सेव असेल तर मीही पोती उचलायला येतो.